एकतीस नंबरची गुलाबी नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच राहिलं होतं. पिपेटने थेंब मोजण्यात तिचा हात इतका नेमका होता, की आकडा चुकला तर लोक यंत्राकडे संशयाने बघत, तिच्याकडे नाही. बावीस वर्षांत तिने आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती, आणि याचं सगळ्यांना फार कौतुक. कौतुकाचा तोटा एवढाच, की ते एकदा झालं म्हणजे माणसाला आजारी पडायची सोय उरत नाही.

थेंबताईचं डोकं रोज दुखायचं.

पहाटे साडेपाचला, डाव्या भुवईच्या वर, न चुकता. बाकी तिच्याकडे वेळेवर येणारं कुणी नव्हतं. पहिली गोळी चहाच्या आधी, दुसरी दुपारी दोनला, तिसरी घरी परतताना बसच्या थांब्यावर, पाण्याशिवाय. गोळ्यांची पाकिटं ती चष्म्याच्या घरात ठेवायची. पर्समध्ये ठेवली की पन्नी वाजते आणि शेजारचा विचारतो, काय गं, बरं नाही का? चष्म्याचं घर उघडलं तर कुणी काही विचारत नाही.

सुरुवात आईच्या गोळ्यांपासून झाली होती. आई सहा वर्षं अंथरुणावर होती. ती गेली तेव्हा पलंगाशेजारच्या खणात वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं उरली. टाकून कशाला द्यायची, म्हणून थेंबताईने त्या महिन्यात दोन-तीन घेतल्या. खण रिकामा व्हायला वर्ष लागलं. मग ती स्वतः आणू लागली, आलटून पालटून दोन दुकानांतून, म्हणजे कोणत्याच दुकानदाराच्या लक्षात यायला नको.

आता यातली खरी गंमत ऐका. ज्या प्रयोगशाळेत ती काम करत होती, तिथे गेली चार वर्षं नेमकं हेच शोधायचं काम चाललं होतं. डोकं दुखतं म्हणून माणूस गोळी घेतो, फार वेळा घेतली की गोळीच डोकं दुखवायला लागते, मग तो आणखी घेतो. असा आजार आहे की नाही हे ठरवायला डॉक्टरांकडे एकच हत्यार होतं, पेशंटला विचारायचं, महिन्यातून किती दिवस गोळी घेता? आणि माणसं आपलं वजन सांगावं तसं या प्रश्नाचं उत्तर देतात. म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर रक्तात एखादं प्रथिन शोधत होते, जे अशा पेशंटमध्ये वाढलेलं असेल आणि निरोगी माणसात नसेल. "माणूस लाजतो, रक्त लाजत नाही," असं डॉक्टर नेहमी म्हणत. हे वाक्य आलं की थेंबताई नळ्यांच्या स्टँडमध्ये काहीतरी शोधायला लागे.

शेकडो प्रथिनांतून गाळत गाळत चार उरली होती. त्यांची मूळ नावं म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. ती कोण रोज उच्चारणार? प्रयोगशाळेत त्यांना थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ म्हणत. थोरला पहिल्याच फेरीत गारद झाला, मधला आणि धाकटा कधी हो म्हणत कधी नाही. भरवसा होता तो शेंडेफळावर. आकाराने सगळ्यांत लहान, हाताळायला नाजूक, आणि थेंबताईशिवाय कुणाच्या हाताला दाद न देणारं. तिने त्याच्यासाठी चार वर्षं मान मोडली होती. पोटच्या पोराबद्दल बोलावं तसं ती त्याच्याबद्दल बोलत नसे, कारण ती कशाबद्दलच फार बोलत नसे, पण तिचा जीव त्याच्यात होता.

तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्तही लागतं. ती माणसं मिळवणं हीच मोठी पंचाईत. आजारी माणूस स्वतःहून येतो, निरोगी माणसाला वेळ नसतो. वीस हवी होती. मग नेहमी होतं तेच झालं, इमारतीतल्याच लोकांना धरलं. लायब्ररीतल्या बाई, लिफ्टवाले काका, वरच्या मजल्यावरचे तिघे हिशेबनीस, प्रयोगशाळेतले सगळे. "थेंबताई, तुम्ही तर आहातच," असं डॉक्टर जाता जाता म्हणाले. तिला कुणी विचारलं नाही, धरूनच चाललं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण चष्म्याच्या घरात होतं.

तळमजल्यावर सिस्टर बसत. केस पांढरे, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, घड्याळ छातीवर उलटं टाचलेलं. रक्त काढायचं काम त्यांचं आणि नंबर द्यायचं कामही त्यांचंच. एका डब्यातून चिठ्ठी काढायची, त्यावरचा नंबर नळीवर चिकटवायचा, आणि कोणाचा कोणता नंबर हे फक्त एका रजिस्टरमध्ये लिहायचं. ते रजिस्टर कपाटात आणि किल्ली सिस्टरच्या खिशात. सिस्टरला नावं माहीत, पण कोणाच्या रक्तात काय निघालं ते माहीत नाही. थेंबताईला रक्तात काय निघालं ते माहीत, पण ते कोणाचं ते माहीत नाही. असा अर्धा अर्धा वाटा करून ठेवला म्हणजे कुणाला आपल्या मनासारखा निकाल लावता येत नाही.

फॉर्मवर प्रश्न होता, महिन्यातून किती दिवस वेदनाशामक गोळी घेता? थेंबताईने सुबक अक्षरात 'दोन' लिहिलं आणि बाही वर केली. सिस्टरची सुई दोनदा चुकली.

"शीर पळतेय बघ तुझी," सिस्टर म्हणाल्या. "घाबरलीस का?"

"नाही."

"मग हात एवढा गार कशाने?"

त्या दुपारी सिस्टरकडून सहा नळ्या वर आल्या. गरगर फिरवून रक्तपेशी खाली बसवल्या की वर पिवळसर पाणी राहतं. पाच नळ्यांत तसंच राहिलं. सहावीत ते किंचित गुलाबी होतं, म्हणजे रक्त काढताना पेशी फुटल्या होत्या. सुई नीट बसली नाही की असं होतं. नळीवर नंबर होता एकतीस. थेंबताईने वहीत 'किंचित गुलाबी' अशी नोंद केली आणि मनात म्हणाली, ही मी.

पुढचे सात महिने एकतीस नंबरची नळी खोल गोठवलेल्या कपाटात होती आणि थेंबताई त्या कपाटासमोरून दिवसातून तीसदा जात होती.

मंगळवारी निकाल लागला. डॉक्टरांनी पडद्यावर ठिपके मांडले. एका बाजूला चोवीस पेशंट, दुसऱ्या बाजूला वीस निरोगी, प्रत्येक ठिपक्याशेजारी नंबर. शेंडेफळाने लाज राखली होती. पेशंटचे ठिपके वर, निरोगी खाली, मधे मोकळी पट्टी. फक्त निरोगींपैकी दोन ठिपके पट्टी ओलांडून वर जाऊन बसले होते. बारा आणि एकतीस.

थेंबताईची नजर एकतीसवर खिळली. एकतीस तर वर असणारच होता. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी अभिमान वाटला. शेंडेफळाने तिला ओळखलं होतं. तीन वर्षांत जे कुणाच्या लक्षात आलं नाही, ते त्याने एका थेंबात सांगितलं होतं.

"दोन," डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "वीसात एखादा चुकार ठिपका मी चालवून घेतला असता. दोन म्हणजे पुढच्या फेरीत नेता येणार नाही. चार वर्षं पाण्यात."

मग डॉक्टरांनी विचारलं, "थेंबताई, या दोन नळ्यांत काही दोष होता का? वही बघा जरा."

तिला वही बघायची गरज नव्हती, तरी तिने बघितली. "एकतीस किंचित गुलाबी आहे."

"मग झालं तर," डॉक्टरांचा चेहरा उजळला. "पेशी फुटलेला नमुना बाद करायला आपला नियमच आहे. फॉर्म भरून द्या गुरुवारी दुपारपर्यंत. एक बारा तेवढा राहील. तो राहू दे."

"बाराला बोलावून विचारायचं का?" ती म्हणाली. आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

"काय विचारणार? तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंत का? कशाच्या जोरावर? प्रथिन अजून सिद्ध कुठे झालंय?" डॉक्टर चिडले नव्हते, समजावत होते. "निरोगींपैकी एकाने जरी स्वतःहून सांगितलं असतं, की माझा आकडा चुकीचा आहे, तर गोष्ट वेगळी. तसं कोण सांगतं?"

अशा रीतीने सगळं परस्पर सुटलं. एक सही केली की एकतीस नंबर नियमाने बाद, शेंडेफळ पुढच्या फेरीत, आणि थेंबताईची अब्रू जागच्या जागी. कुणाला खोटंही बोलायचं नव्हतं. नळी गुलाबी होती ती होतीच. तिने कोरा फॉर्म घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला.

पण सही काही तिच्या हातून होईना. याला कारण बारा नंबर.

वीसांतला कुणीतरी एक. याच इमारतीत बसणारा, याच जिन्यावरून चढणारा, आणि तिच्यासारखाच 'दोन' किंवा 'एक' लिहून मोकळा झालेला. बुधवारी ती दिवसभर बाराला शोधत होती. लायब्ररीतल्या बाई खिडकीचा पडदा ओढून बसतात, त्या का? लिफ्टवाले काका कानशील दाबत असतात. हिशेबनिसांपैकी बुटका तो सदा कपाळाला आठ्या घालून असतो, पण तो बहुधा स्वभाव असावा. दुपारी दोनला ती जिन्यातल्या कोपऱ्यात उभी राहिली, की यावेळी पाण्याची बाटली घेऊन एकटं कोण बाहेर येतं बघू. कुणी आलं नाही. तिची स्वतःची गोळी घ्यायची तेवढी राहिली आणि अडीचला डोकं ठणकू लागलं.

बावीस वर्षांत तिला त्या इमारतीतल्या माणसांबद्दल एवढं कुतूहल कधी वाटलं नव्हतं. कुणीतरी आपल्यासारखं आहे, या विचाराने तिला दिवसभर बरं वाटत होतं. आणि एकतीस बाद झाला की बारा एकटा पडणार होता. चुकार ठिपका म्हणून त्याची नोंद होणार आणि पुन्हा कुणी त्याला कधी काही विचारणार नाही. तो गोळ्या घेत राहणार, दुखत राहणार. त्याची तिला फार दया आली. स्वतःची तिला तशी कधी आली नव्हती.

संध्याकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला. ती दूरच्या गावी, भरल्या घरात. दर बुधवारी नेमाने फोन करायची, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि नातवंडांचा गोंधळ.

"जेवलीस का?"

"जेवीन आता."

"बाकी काय?"

थेंबताईने श्वास घेतला. "ताई, माझं डोकं—"

"अगं थांब, हा पडला बघ खुर्चीवरून. बोल, काय म्हणत होतीस?"

"काही नाही. बाकी काही नाही."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात एका माणसाच्या भाताला किती पाणी लागतं ते बघत उभी राहिली. आई गेल्याला तीन वर्षं झाली होती, तरी हात दोन माणसांचं पाणी घेत असे.

गुरुवारी सकाळी ती तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत गेलीच नाही. कोट चढवून सरळ सिस्टरच्या खोलीत शिरली. सिस्टर कापसाचे बोळे करत होत्या. भिंतीवर तो कागद होता, जो गोळ्या बंद करणाऱ्या पेशंटला भरायला देत. थेंबताईनेच तो टाईप केला होता. पहिले दोन आठवडे डोकं जास्त दुखेल, मळमळेल, झोप येणार नाही, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही बंद करू नका. शेवटी एक प्रश्न, या दिवसांत सोबत कोण असेल? डॉक्टरांनी तो प्रश्न काढून टाकला होता, याचा अभ्यासाशी काय संबंध म्हणून. सिस्टरनी तो परत घालायला लावला होता.

"माझा फॉर्म दुरुस्त करायचाय," थेंबताई म्हणाली. "करता येतो ना?"

"ज्याचा त्याला कधीही करता येतो. काय चुकलं, वजन? वजन सगळेच कमी लिहितात."

"गोळ्या. दोन लिहिलंय. तीस करा."

सिस्टरच्या हातातला कापूस हातातच राहिला.

"तीसच्या तीस दिवस," थेंबताई म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. "आई गेल्यापासून. कुणाला माहीत नाही. एकतीस नंबर माझा आहे, तो मी आज गुलाबी म्हणून बाद करणार होते. पण मग बाराला कुणी विचारणार नाही, सिस्टर. तोही असाच कुणीतरी आहे. माझं खरं धरलं तर त्याला बोलावता येईल. त्याला बोलवा तुम्ही. मला नाव नको सांगू."

शेवटच्या वाक्यात ती घाईत सिस्टरना 'तू' म्हणून गेली, पण ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

सिस्टर उठल्या. खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, रजिस्टर टेबलावर ठेवलं. बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि थांबलं.

"एकतीस तू नाहीस," त्या म्हणाल्या.

"मीच आहे. माझी शीर दोनदा चुकली होती. म्हणून तर गुलाबी आली."

"दोनदा चुकली खरी. तिसऱ्यांदा सापडली ती मी मुळीच छेडली नाही, सावकाश भरू दिली. तुझी नळी स्वच्छ आली असणार." सिस्टरनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं आणि बाकीच्या ओळी तळव्याने झाकल्या. "तू बारा आहेस."

थेंबताईने ओळ वाचली. तिचं खरं नाव, आणि पुढे बारा.

ती खुर्चीत बसली. दोन दिवस जिची दया येत होती, जिला इमारतभर शोधलं, जिला हाक मारायला म्हणून इथवर आली, ती तीच होती. हसू आलं, पण ते बाहेर पडता पडता रडू झालं. आईच्या मागे ती अशी रडली नव्हती. सिस्टरनी कापसाचा एक बोळा पुढे केला, मग दुसरा. रुमाल शोधायला कुणाला वेळ होता?

बऱ्याच वेळाने तिने खिशातला घडी घातलेला फॉर्म बाहेर काढला. सही केली असती तर ती बाद झालीच नसती. भलत्याच कुणालातरी तिने पुसून टाकलं असतं.

"मग एकतीस कोण?" तिने विचारलं.

"दुसऱ्याचं नाव मला सांगता येत नाही," सिस्टर सवयीने म्हणाल्या. मग त्यांनी रजिस्टर मिटलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण एकतीसचं सांगता येईल. ते माझंच आहे."

थेंबताईने हातातला फॉर्म टेबलावर ठेवला.

"वीस पुरे होत नव्हते," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्यानंतर एक कमी पडत होतं. खाली कुणी नव्हतं. मग माझं मीच काढलं. दंडावरची पट्टी दातांनी आवळली. एका हाताने सुई धरायची आणि त्याच हाताने सिरिंज ओढायची, जमतंय थोडंच. ओढली जोरात. गुलाबी होणार नाही तर काय." त्या डाव्या कोपरावर अंगठा फिरवत होत्या. "मला कुणी विचारलं नाही, तू गोळ्या घेतेस का म्हणून. फॉर्म मीच भरला, मीच तपासला, मीच फाइलला लावला."

"किती दिवस?"

"महिन्याचे असतील तेवढे. फेब्रुवारी तेवढा बरा जातो."

दोघी हसल्या. हसल्यावर डाव्या भुवईच्या वर कळ आली आणि थेंबताईने हात नेला, तर समोर सिस्टरचाही हात कपाळाकडे चालला होता, उजवीकडे.

"पेशंटना रोज सांगते," सिस्टर म्हणाल्या, "बंद करा, बंद करा. संध्याकाळी घरी जाते, कुलूप उघडते आणि आधी गोळी घेते. दिवा नंतर लावते."

थेंबताईला ते घर न बघता दिसलं. कुलूप, अंधार, पाण्याचा पेला. तिचंही तसंच होतं, फक्त ती दिवा आधी लावायची.

मग दोघींनी आपापले फॉर्म दुरुस्त केले. चूक एका रेघेने खोडायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, खाली सही आणि तारीख. आता वर गेलेल्या त्या दोन ठिपक्यांची जागा वरच होती. शेंडेफळाने एकदाही चूक केली नव्हती, चूक कागदावरच होती. हे डॉक्टरांना अकराच्या सुमारास वर जाऊन सांगायचं ठरलं, दोघींनी मिळून. गोळ्या कशा सोडायच्या तेही त्यांनाच विचारायचं होतं.

"ते पुढे कागद मागतीलच," म्हणत सिस्टरनी खणातून दोन कोरे कागद काढले, भिंतीवर होता तसलेच. एक तिला दिला, एक स्वतःपुढे घेतला. बंद करण्याचा दिवस, दोघींनी सोमवार लिहिला. कोणती गोळी, किती, किती वर्षं. थेंबताई भरभर लिहीत गेली आणि शेवटच्या प्रश्नापाशी अडली. सोबत कोण असेल? टाईप करताना तिने ही रेघ चांगली लांब ठेवली होती, नवरा, आई, मुलगी, कुणाचंही नाव मावावं म्हणून.

तिने मान वर केली. सिस्टरचं पेनही त्याच रेघेवर थांबलं होतं. हा प्रश्न त्यांनी हट्टाने परत घालायला लावला होता, आणि आता त्यांनाच त्याचं उत्तर देता येत नव्हतं.

थेंबताईने हात लांब करून सिस्टरचा कागद आपल्याकडे ओढला. नळ्यांवर लिहायची त्या सुबक अक्षरात तिने त्या रेघेवर आपलं पूर्ण नाव लिहिलं, हजेरीच्या वहीत होतं ते. खाली फोन नंबर. मग आपला कागद टेबलावरून सिस्टरकडे सरकवला.

सिस्टरनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पेन उचललं.